लांजेवार सरांची लाकडी जमीन

लांजेवार सर कुणाच्याही घरी गेले की यजमानाकडे नंतर बघत, आधी त्याच्या पायाखालच्या जमिनीकडे. चपला उंबऱ्याबाहेर काढायच्या, उजवी टाच जमिनीवर ठोकायची, मग तळवा सपाट टेकवून डोळे बारीक करायचे. नाडी बघणारा वैद्य करतो तसा चेहरा व्हायचा त्यांचा. त्यानंतर निदान. "ओल आहे," किंवा "खाली मुरूम बरोबर नाही ठोकला," किंवा क्वचित, फारच क्वचित, "छान." मुलगी बघण्याचा कार्यक्रम असो की तेरवीचं जेवण, या तपासणीत खंड नसे. मोहाडीच्या एका साहेबांनी नवं घर बांधलं आणि आम्हा शिक्षकांना वास्तुपूजनाला बोलावलं, तेव्हा सर भर मांडवात म्हणाले, "साहेब, तुमची मोझॅक पोकळ वाजून राहिली." साहेबांचा चेहरा पडला. जेवणं होईपर्यंत ते स्वतःच घरभर टाच ठोकत हिंडत होते.

मी आंधळगावच्या शाळेत मराठी शिकवायला आलो तो सत्तरच्या दशकाचा सुरुवातीचा काळ. सर विज्ञान आणि गणित शिकवायचे. माझी भाड्याची खोली त्यांच्या घराला लागून होती, त्यामुळे शाळेत आणि शाळेबाहेर हा माणूस माझ्या वाट्याला आला. वाट्याला आला असं मी मुद्दाम म्हणतो. त्यांच्याजवळ दहा मिनिटं बसलं की आपल्यालाच दम लागायचा. खरं तर बसायचो मी, ते उभे. शिक्षकांच्या खोलीतल्या त्यांच्या खुर्चीवर आम्ही खडूचे डबे ठेवायचो, कारण ती रिकामीच असायची. चहा उभ्यानं. पेपर तपासणं खिडकीच्या कठड्यावर, उभ्यानं. वर्गात ते या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत शिकवायचे आणि पोरांच्या माना त्यांच्याबरोबर इकडून तिकडे फिरायच्या. जेवायला मात्र बसावंच लागे. तेव्हाही एक गुडघा उभा, कधीही निघायच्या तयारीत.

त्यांचं घर तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाच्या पायथ्याशी होतं. आमच्याकडे गाव तिथे तलाव, आणि तलावामुळे धान. पण पाळीखाली घर म्हणजे पायाखाली कायमचा पाझर. मृगापासून दिवाळीपर्यंत त्या घराची जमीन काळी पडून राहायची. यशोदावहिनी, म्हणजे सरांच्या बायको, शेणानं सारवायच्या, जरा वाळल्यासारखं व्हायचं, की पुन्हा ओल वर. धान्याच्या कोठ्या विटांवर, ट्रंक विटांवर, आणि माणसं पोत्यांवर. वहिनींना संधिवात होता. बोटांची पेरं सुजायची, घोटे सुजायचे. पावसाळ्यात त्या भिंतीला धरून चालायच्या. मूलबाळ नव्हतं, आणि तो विषय दोघांनी कधीच मिटवून टाकला होता. घरात दोनच माणसं. त्यातलं एक सारखं बाहेर, दुसऱ्याला उठवत नाही.

एका श्रावणात वहिनींना सकाळी अंथरुणातून उठताच येईना. त्यांचा भाऊ भंडाऱ्याजवळच्या शहापूरहून आला. तिथे हायवेवर त्याचं उंच जोत्याचं, पॉलिशच्या फरशीचं कोरडं घर. भंडाऱ्याच्या डॉक्टरनंही सांगितलं की यांना ओलीत ठेवू नका. वहिनी निघाल्या तेव्हा मी त्यांच्या दारापुढच्या छपरीत उभा होतो. त्या सरांना एवढंच म्हणाल्या, "जमीन कोरडी झाली का मले निरोप धाडा. मी येईन."

बाई माणूस निघताना काहीतरी बोलते, तसं ते बोलणं होतं. पण लांजेवार सर विज्ञानाचे. त्यांनी ते उदाहरण म्हणून लिहून घेतल्यासारखं घेतलं. प्रश्न मिळाला, आता उत्तर काढायचं. बसची धूळ खाली बसायच्या आत ते मला म्हणाले, "भाऊ, शहाबादी टाकून पाहतो."

आणि तिथून सुरू झाली ती सगळी पायपीट.

आधी शहाबादी. उन्हाळ्यात जमीन खोदली, मुरूम भरला, चुन्यात फरशी बसवली. दिसायला देखणी. पावसाळा लागला आणि त्या फरशीला पाण्याच्या माठासारखा घाम फुटला. सर फडक्यानं पुसायचे आणि मागे वळून बघेपर्यंत ती पुन्हा ओली. मग फरशी उखडून लाल सिमेंटचा कोबा. त्याला ते रोज पाणी मारायचे, लेकराला न्हाऊ घालावं तसं. पाळीखालची चिकण माती पावसात फुगली आणि कोबा आडवातिडवा तडकला. तडकल्या जागी पांढरं मीठ फुललं. सर गुडघ्यावर बसून ते मीठ बोटानं चाखून बघायचे आणि मला त्याची चव सांगायचे. मी विचारलेलं नसायचं.

त्यानंतर लिनोलियम, जमिनीवर अंथरायचं जाड मेणकापड. हे नागपूरहून आलं, एसटीच्या टपावरून, गुंडाळी करून. वर लाकडाच्या फळ्यांची हुबेहूब छपाई, गाठींसकट. अख्खं गाव बघायला आलं. म्हाताऱ्या बाया वाकून नखानं खरवडून बघत होत्या की लाकूड आहे की कागद. एक महिना सर हवेत होते. पण खालची ओल कुठे जाणार? लिनोलियमच्या कडा पापडासारख्या वळल्या, आत बुरशी धरली, वास सुटला. भरीला भर म्हणून एक बेडूक खाली शिरला. तो चालायला लागला की त्या छापील फळ्यांखालून एक फुगवटा खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत जायचा. मी हसलो तर सर चिडले. "तुले गंमत वाटून राहिली," म्हणाले, "माह्या घरात बाई नाही."

ते खरंच होतं. मला जेवढं हसू यायचं तेवढीच कीव यायची, आणि जेवढी कीव तेवढाच रागही. गावात लोक बोलायला लागले होते की मास्तरीण कायमची गेली, पायाचं नुसतं निमित्त. हे सरांच्या कानावर जायचं. मग संध्याकाळी ते पाळीवर चालत सुटायचे, या सांडव्यापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा उलट, अंधार पडेपर्यंत. खालून मला त्यांचं धोतर तेवढं दिसायचं.

कोब्याच्या दिवसांत एकदा मी त्यांच्याबरोबर शहापूरला गेलो होतो. बसमध्ये जागा असून सर दांड्याला धरून उभे. वहिनी ओसरीत बाजेवर बसल्या होत्या. पाय जरा बरे दिसत होते. सर दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले आणि बोलायला लागले. सिमेंट किती, वाळू किती, उरलेल्या खोलीत खाली विटांचा चुरा घातला तर ओल कशी तुटेल. वहिनी ऐकत होत्या. मधेच त्यांनी विचारलं, "जेवन करता ना? भात टाकला हाये."

"नाही नाही. कोबा ओला आहे. पाणी माराले जा लागते."

"उभ्यानं काहून? बसा तं."

"बस येईल."

बस आली आणि आम्ही निघालो. फाटकापाशी मी वळून पाहिलं. वहिनी बाजेवर आपल्या शेजारच्या रिकाम्या जागेवरची चादर हातानं सारखी करत होत्या. मला काय वाटलं ते मी सरांना सांगायला हवं होतं असं नाही, ते त्यांचं त्यांना दिसायला हवं होतं. ते तेव्हा खिडकीबाहेर विटांची भट्टी दाखवून मला म्हणाले, "चुरा इथून नेऊ."

मग निवडणूक आली. शिक्षकांना जंगलातल्या केंद्रांवर पाठवतात, तसं सरांना पाठवलं. जाताना ते वनखात्याच्या एका जुन्या विश्रामगृहात मुक्कामाला होते. परत आले ते धावतच माझ्या खोलीत. "भाऊ, लाकडाची जमीन!" तिथे सकाळी त्यांनी पलंगावरून पाय खाली टाकला, आणि पहिल्यांदाच पायाला गार लागलं नाही. सागवानी फळ्या, खाली हात जाईल एवढी पोकळी, पोकळीला भिंतीत झरोके. पाझर खाली, हवा मधे, माणूस वर. "ओलीले वर याले रस्ताच नाही," ते म्हणाले. बोलताना ते माझ्या खोलीत चालत होते आणि माझी खोली त्यांना पुरत नव्हती.

त्याच सुमारास तुमसरच्या एका धानाच्या गिरणीनं जुना लाकडी माळा काढायला घेतला. त्या फळ्या सरांनी मिळवल्या. बैलगाड्यांतून आल्या तेव्हा फटींत अजून कोंडा होता. डोमाजी मिस्त्री कामाला लागला. दगडाच्या टेकण्या, त्यावर लाकडी बल्ल्या, त्यावर फळ्या. आता प्रश्न आला फळ्या कधी ठोकायच्या. इथे लांजेवार सरांनी आयुष्यातला सगळ्यात पक्का विचार केला.

दर वर्षी ते पोरांना रुळांचा धडा शिकवायचे. उन्हात लोखंड वाढतं, म्हणून दोन रुळांमध्ये फट ठेवतात. त्यांनी तेच सूत्र लाकडाला लावलं. वर्षातली सगळ्यात कडक उष्णता कधी? नवतप्यात, मृगाच्या आधीच्या त्या नऊ दिवसांत, जेव्हा भंडाऱ्यात कावळासुद्धा दुपारी झाड सोडत नाही. तेव्हा फळी जास्तीत जास्त फुगलेली असणार. तेव्हाच ती गच्च बसवायची, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पुढे ती फुगेल कुठली? आकसली तर आकसेल केसभर.

"सर, पावसात दारं तं फुगतेत," डोमाजी म्हणाला.

"दार फुगत नाही, डोमाजी. चौकट खचते म्हून दार अडकते." सरांनी खडू घेऊन भिंतीवरच रूळ काढले, ऊन काढलं, बाण काढले. डोमाजीला पटलं. मला पटलं. बघायला आलेल्या पाटलांना पटलं. प्रत्येकाच्या घरचं दार श्रावणात लाथ मारून उघडावं लागत होतं, आणि प्रत्येकजण मान हलवत होता. गुरुजीनं चित्र काढून समजावलं की आमच्या गावात स्वतःच्या दारावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

नवतप्यात काम झालं. पाचरी मारून फळ्या एकमेकींत अशा दाबल्या की मधून पोस्टकार्ड जाईना. शेवटची फळी भिंतीशी घणानं बसवली. वर जवसाचं तेल पाजलं. फक्त स्वयंपाकघर चुलीमुळे मातीचं राहिलं. सगळं झाल्यावर सर त्या जमिनीवरून अनवाणी चालले. चालले म्हणजे थांबेचनात. ठक ठक ठक, दिवसभर. माझ्या भिंतीतून तो आवाज यायचा. मृग बरसला, पाझर सुरू झाला, आणि फळ्या खडखडीत कोरड्या. सरांनी शहापूरला निरोप धाडला. उत्तर आलं की आषाढातल्या आखाडीच्या सणाला येते.

आखाडीच्या आधी झड लागली. झड म्हणजे पाऊस पडत नाही, पाऊस राहायलाच येतो. कपडे वाळत नाहीत, मीठ पाण्याचं होतं, काडी पेटत नाही. सरांच्या घरातून मधूनच ठो असा आवाज यायला लागला. मी विचारलं तर म्हणाले, "बसून राहिली जमीन." सणाच्या दिवशी सकाळी त्यांनी दार आतून लावून घेतलं आणि कुणालाच आत येऊ देईनात.

दुपारी वहिनी आल्या. भावानं बसस्टँडवरून बैलगाडी केली होती. डोक्यावर पोत्याची घोंगशी, हातात पिशवी. मी त्यांना छपरीत उतरवून घेतलं आणि दार वाजवलं. आत घणाचे घाव चालू होते. कडी काढलेली होती. मी ढकललं तसं दार हललं, चार बोटं उघडलं, आणि अडकलं.

"सर, वहिनी आल्या."

आतला आवाज थांबला. "उघडून राहिलो. तू उभी राह्य. जाऊ नको."

"मी कुठी जाऊन राहिली?" वहिनी म्हणाल्या.

मी फटीतून पाहिलं. खोलीच्या मधोमध जमीन उठली होती. भरल्या पोटासारखी, गुडघाभर. फळ्या एकमेकींना रेटत वर आल्या होत्या आणि दारापाशी दोन फळ्यांनी तोंड वर काढून दार अडवलं होतं. सर गुडघ्यावर बसून पहार घालत होते. पहार घातली की दुसरीकडे ठो व्हायचं.

वहिनींचा भाऊ कंटाळला. त्याचाही काही दोष नव्हता, भिजला होता बिचारा. "ताई, चाल परत. याईच्यानं काही होत नाही. गाडी उभी हाये."

आत घाव थांबले. मला वाटलं, आता या बाई गाडीत बसल्या तर पुन्हा येणार नाहीत, आणि हा माणूस पाळीवर चालत चालत एक दिवस चालतच जाईल.

वहिनींनी पिशवी माझ्या हातात दिली. "मले मांगून घेऊन चाला," म्हणाल्या.

आम्ही घराला वळसा घालून संधवाडीतून, म्हणजे मागच्या अंगणातून, गेलो. घोट्याएवढा चिखल. त्यांचा एकेक पाय उचलताना त्यांच्या बोटांची पकड माझ्या दंडावर घट्ट होत होती. मागचं दार उघडं होतं. स्वयंपाकघराच्या ओल्या मातीवरून त्या पुढच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी पोचल्या.

सरांनी वर पाहिलं. केसांत लाकडाचा भुसा, हातात पहार. माझ्याकडे पाहून म्हणाले, "लोखंड नाही हे. लाकूड ओलीनं फुगते. मी उलटं धरलं." मग वहिनींकडे पाहून, "सगळं काढतो. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा..."

वहिनी पुढे झाल्या, फुगवट्यावर हात टेकवून बघितला आणि त्याच्या उतारावरच बसल्या. चिखलाचे पाय पसरले.

"कोरडी हाये," त्या म्हणाल्या. "बसा."

"मी हे दार आधी..."

"बसा म्हंते ना."

सर पहार हातात घेऊनच बसले. वहिनींनी ती काढून बाजूला ठेवली.

"मी गेली तं कोरड्या जमिनीवरच गेली होती ना? माह्या भावाची फरशी कोरडी हाये. बाराही महिने. तिथं तुमी एकदा तरी बसले का?"

सरांचे डोळे भरून आले आणि ते पुसायला त्यांनी हात उचलला, तर हाताचा भुसा डोळ्यांत गेला. वहिनी पदरानं तो काढत बसल्या. मी आणि त्यांचा भाऊ स्वयंपाकघरात चूल पेटवण्याच्या खटपटीला लागलो. ओल्या लाकडांचा धूर झाला, त्यामुळे आम्हाला डोळे पुसायला कारण मिळालं.

वहिनी परत गेल्या नाहीत. तो पावसाळा त्या घरात माणसं टेकाडाला वळसा घालून वावरली. दिवाळीनंतर डोमाजीनं भिंतीलगतची फळी काढली, चारी बाजूंनी बोटभर जागा सोडली आणि सगळं पुन्हा बसवलं. पुढच्या श्रावणात जमीन फुगली, भिंतीपर्यंत गेली आणि थांबली. सर शाळेत त्या बोटभर जागेवर पूर्ण तास शिकवायचे. रुळांचा धडा आला की पोरं आधीच गालात हसायची, आणि सरही.

स्वभाव काही पालटला नाही. खुर्चीवर खडूचे डबे तसेच राहिले. कुणाच्या घरी गेलं की टाच तशीच. फक्त शाळा सुटल्यावर ते पाळीवर जाईनासे झाले. सरळ घरी जायचे. आत गेल्यावर थोडा वेळ ठक ठक ऐकू यायचं, आणि मग बंद व्हायचं. वहिनींचं दुखणं गेलं असं म्हणता येणार नाही. ते पुढे पुढे वाढतच गेलं. जमीन कोरडी झाली म्हणून सांधे ऐकत नाहीत.

माझी बदली लाखांदूरकडे झाली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर एका पावसाळ्यात आंधळगावला काम निघालं, म्हणून दुपारी त्यांच्याकडे गेलो. दार उघडंच होतं. सर भिंतीला पाठ टेकून फळ्यांवर बसले होते. वहिनी अंथरुणावर झोपलेल्या, खूपच वाळल्या होत्या. दोन्ही पाय सरांच्या मांडीवर. सरांनी ओठांवर बोट ठेवून मला समोर बसायला खुणावलं.

आम्ही कुजबुजत बोललो. रात्र रात्र तिला झोप लागत नाही, म्हणाले, कळा येतात. पाय असे मांडीवर घेतले तरच दुपारी जरा डोळा लागतो. आज तासापासून झोपली आहे. बोलताना त्यांचा चेहरा मधेच कसनुसा होत होता, दात आवळले जात होते. मी घाबरून विचारलं, "सर, तुम्हाला काही होतंय का?"

"पायाले मुंग्या आल्या," ते म्हणाले. "मांडी पार मेली."

"मग जरा हलवा ना."

त्यांनी मानेनं नाही म्हटलं. बसची वेळ झाली होती, मी उठलो. पाहुण्याला फाट्यापर्यंत पोचवल्याशिवाय न राहणारा हा माणूस जागचा उठला नाही. हात तेवढा उचलून निरोप दिला आणि पुन्हा अलगद वहिनींच्या पावलांवर ठेवला.